अडीच लिटर निळा

सोसायटीच्या फाटकाजवळ एक पाटी होती : 'नळाला पाईप लावून गाडी धुणाऱ्यांनी आपली पुढील आंघोळ नदीवर करावी.' कर्वेनगरातल्या त्या इमारतीत भाड्याने राहायला आल्यापासून कादंबरी ती पाटी रोज वाचायची आणि रोज थोडं हसायची. त्या गुरुवारी सकाळी मात्र तिला हसू आलं नाही. पाईप लावायचा म्हटलं तरी नळालाच पाणी नव्हतं. आदल्या दिवसापासून पुरवठा बंद होता आणि टँकर दुपारशिवाय येणार नव्हता.

वर तिसऱ्या मजल्यावर, दोघी मैत्रिणींच्या त्या फ्लॅटमध्ये, पिण्याचा जार सोडला तर एक बादली शिल्लक होती.

"दहा लिटर आहे," कादंबरी म्हणाली. ती मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे तिचा अंदाज सहसा चुकत नसे. "पाच तुझं, पाच माझं. माझ्यातलं तीन मी खाली नेते."

निकिता डोळे चोळत दारात उभी होती. "आणि आंघोळ?"

"दोन लिटरमध्ये होतं तेवढं."

"बाबांना दवाखान्यातून आणायचंय की गाडीला दाखवायला न्यायचंय?"

"तेच. बाबांनाच दाखवायचीय."

हे खरं होतं. गाडी बाबांची. दिगंबररावांनी ती चौदा वर्षांपूर्वी घेतली आणि पोस्टातल्या नोकरीइतकीच नेमाने सांभाळली. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या नावाने ते टाळाटाळ करत राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी एके दिवशी रस्त्यातला दुभाजक अगदी जवळ आल्यावर दिसला तेव्हा त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली. तेव्हापासून दर भेटीत एकच तक्रार. "काय करून ठेवलंयस गाडीचं? निळी दिली होती तुला. राखाडी झालीय पार. धुतेस तरी का?"

"अहो, निळीच आहे," आई म्हणायची.

"वासंती, गाडी मी घेतलीय. रंग मला माहितीय."

आता काल दुपारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज दहा वाजता पट्टी निघणार होती. ऑपरेशनला आत जाता जाता बाबांनी बजावलं होतं, "डोळा उघडला की आधी गाडी बघणार. रंग गेलेला असला तर किल्ली परत द्यायची. मग मांजरी गावच्या शेतांत मातीचे नमुने गोळा करत रिक्षाने फिर." ते गमतीत बोलत नव्हते. गमतीत बोलताना ते जास्त गंभीर दिसत.

आणि गाडी खरोखरच राखाडी झाली होती. अकरा दिवस तिच्यावर पाणी पडलेलं नव्हतं.

कादंबरीने तीन लिटर ओतून घेतलेली बादली पार्किंगमध्ये ठेवली आणि विचार केला. पाणी थोडं, धूळ फार. मग आधी कोरड्या फडक्याने जमेल तेवढी धूळ उडवावी आणि उरलेलीसाठी पाणी वापरावं. हिशेब बरोबर होता. तिने जुना टी-शर्ट घेतला, बॉनेटवर टेकवला आणि हात गोल फिरवला. एकदा, दोनदा.

"अरे अरे अरे! थांब बेटा! हात उचल!"

पार्किंगच्या टोकाला करीमचाचा उभे होते. साठी ओलांडलेली, अंगाने बारीक, खांद्यावर फडक्यांची थप्पी. रोज पहाटे ते या सोसायटीतल्या नऊ गाड्या पुसायचे. आज त्यांनी स्कूटरवरून पाण्याचे दोन कॅन स्वतःच्या घरून आणले होते.

कादंबरीने हात उचलला. धुळीखालून निळा रंग दिसत होता, आणि त्या निळ्यावर बारीक, रेशमासारख्या वर्तुळाकार रेघा. टी-शर्ट जिथून फिरला होता, बरोबर तिथून.

पुण्यातली धूळ म्हणजे बहुतेक काळ्या दगडाचा चुरा, आणि हा चुरा काचेवरसुद्धा ओरखडा काढू शकतो, हे तिने स्वतः कितीतरी अहवालांत लिहिलं होतं. तीच धूळ तिने रंगावर घासली होती, तीही पाणी वाचवायच्या तर्काने.

"सहा महिन्यांपूर्वी विचारलं होतं मी," चाचा जवळ येत म्हणाले. "तू काय म्हणालीस आठवतं? चाचा, मी सायन्सवाली आहे, माझी मी धुते."

"म्हणाले होते," ती म्हणाली. "जातील का हे ओरखडे?"

त्यांनी वाकून, तिरप्या उजेडात बघितलं. स्वारगेटला एका गॅरेजमध्ये त्यांनी तीस वर्षं गाड्या रंगवल्या होत्या. ते रंगाकडे डॉक्टर जीभ बघतात तसं बघायचे. "पाण्याने नाही जाणार. पॉलिशवाल्याकडे जावं लागेल. आज काही होणार नाही." मग बादलीत डोकावले. "किती आहे?"

"तीन लिटर."

"खूप झालं."

"टिंगल करताय का?"

"माझं पाणी देणार नाही, ते नऊ गाड्यांचं आहे, मोजून आणलंय. फडकी देतो. घाई किती?"

"साडेनऊला निघायचंय. बाबांची पट्टी निघतेय डोळ्याची. आधी गाडी बघणार म्हणतायत."

चाचांनी मान हलवली. एवढं कारण त्यांना पुरलं असावं.

त्यांनी सहा फडकी मोजून दिली. प्रत्येकाची आधी अर्धी घडी, मग पाव घडी. "आता बघ. ही एक बाजू. उलटव, दुसरी. उघड, आत दोन. पूर्ण उघडून उलटी घडी घाल, अजून चार. किती?"

"आठ."

"सहा फडकी."

"अठ्ठेचाळीस बाजू," कादंबरी म्हणाली. अठ्ठेचाळीस स्वच्छ पृष्ठभाग तिच्या हातात होते आणि तिला ते आत्तापर्यंत सहा चिंध्या वाटत होते.

"एक बाजू गाडीला एकदाच लागणार. मळली की तिचं काम संपलं. आणि फडकं बादलीत एकदाच बुडणार, कोरं असताना. मळलेलं फडकं परत बादलीत गेलं की तीन लिटर पाण्याचा तीन लिटर चिखल होतो. सगळे तिथंच चुकतात."

त्यांनी पहिलं फडकं भिजवलं, अर्धवट पिळलं आणि पाव घडी करून गाडीच्या टपावर नुसतं ठेवलं. पुसलं नाही. हात मागे घेऊन उभे राहिले.

"आता?"

"आता पाण्याला काम करू दे. तू करू नकोस."

फडक्याच्या कडेने ओल हळूहळू सरकत गेली आणि तिच्या पुढ्यातली धूळ गडद होत गेली. कादंबरीने खाली वाकून बघितलं. कोरडे, टोकदार कण एकेक करून पाण्याच्या पापुद्र्यात उचलले जात होते. ते रंगापासून सुटत होते, हाताने एवढासाही जोर न लावता. पृष्ठताण हा शब्द तिने शाळेत पाठ केला होता आणि महाविद्यालयात सूत्रातून मोजला होता. तो कामाला लागलेला ती आज प्रथमच बघत होती.

मग चाचांनी ती घडी टपावरून सरळ ओढली. गोल नाही, मागे-पुढे नाही. एक सरळ रेघ, पुढून मागे. बाजू पालटली. शेजारची रेघ. शेतात पेरणीची पाभर चालावी तसा त्यांचा हात चालत होता. टपावर निळ्याचा एक पट्टा उघडला, मग दुसरा.

"आता तू. वरून खाली. चाकाजवळचं सगळ्यात शेवटी, तिथं सगळ्यात वाईट माल असतो."

तिने ओढली. पहिली रेघ वाकडी गेली. "वजन टाकू नकोस," चाचा म्हणाले. "मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात तेवढंच." तिसऱ्या रेघेला हात हलका झाला.

पहिलं फडकं संपल्यावर तिला राहवलं नाही. तिने पिशवीतलं मातीचे नमुने बघायचं भिंग काढलं आणि मळलेली बाजू उजेडात धरली.

"काय शोधतेस?"

"बघा ना."

भिंगाखाली राखाडी असं काही नव्हतंच. काळे, धारदार तुकडे होते, दगडाच्या खाणीतून आलेले. सिमेंटचे फिकट गोळे होते. पिवळेजर्द, काटेरी, बारीक परागकण होते, कुठल्या तरी झाडाने वाऱ्यावर सोडलेले. आणि त्यांच्यात लांबट, काळीभोर, जाळीदार कात्रणं, इतकी नाजूक की तिच्या श्वासाने हलली. ऊस पेटवला की त्याचं जळकं पाचट असं उडतं. गेल्या आठवड्यात मांजरीला ती ज्या शेताच्या बांधावर उभी होती, ते शेत इथे, तिच्या हातावर होतं.

करीमचाचांनी भिंग घेऊन डोळ्याला लावलं.

"चाळीस वर्षं हात लावतोय याला," ते म्हणाले. "गच्च म्हणजे खाणीचं, चिकट म्हणजे झाडाचं, बोटाला मऊ लागलं की उसाचं, एवढं हाताला कळायचं. पण असं असतं हे?" त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "हे पिवळं तर एकदम दागिन्यासारखं आहे. आणि मी रोज झटकून टाकतो."

तोवर वरच्या गॅलरीतून निकिता ओरडली, "अगं, झाली का आंघोळ तिची?"

"टप झाला!"

"डोक्यावरून करतीये वाटतं!"

चाचा हसले आणि आपल्या गाड्यांकडे गेले. पण दर थोड्या वेळाने मान वळवून एखादा शब्द टाकत राहिले. "बाजू बदल." "दाराच्या मुठीखाली विसरलीस." कावळ्याने केलेल्या घाणीवर तिने ओलं फडकं ठेवलं आणि ती आपोआप सुटेपर्यंत थांबली. बॉनेटशी आल्यावर ओरखड्यांवरून तिने खास हळुवार हात फिरवला, जणू त्याने ते भरून येणार होते. सव्वानऊला ती चाकांपाशी पोचली. अठ्ठेचाळिसावी बाजू पुढच्या डाव्या चाकाशी संपली.

चाचांकडून घेतलेल्या आणखी एका कोरड्या फडक्याने शेवटचा हात फिरवून ती मागे झाली. गाडीच्या दारात पार्किंगचे खांब, चाचांची स्कूटर, ती स्वतः, सगळं उभं होतं. तिने बादलीत बघितलं. तळाशी अर्धा लिटर पाणी होतं, आणि ते इतकं स्वच्छ होतं की बादलीचा तळ दिसत होता.

अडीच लिटर. तिने मनात पुन्हा वजाबाकी केली. तेवढंच येत होतं.

"उरलेल्यात तोंड धू," करीमचाचा म्हणाले. "आणि ओरखड्याचं बापाला आपणहून सांगून टाक. लपवशील तर तोच आधी दिसतो."

स्वारगेटजवळच्या त्या दवाखान्याच्या आवारात दिगंबरराव काळा चष्मा लावून उभे होते. वासंतीबाईंच्या हातात थेंबांच्या बाटल्या आणि सूचनांचा कागद. कादंबरीने गाडी समोर आणून उभी केली, उतरली आणि बोलायला तोंड उघडलं.

बाबांनी चष्मा काढला.

"अहो! डॉक्टरांनी काय सांगितलंय!"

"एक मिनिट, वासंती."

ते गाडीकडे बघत होते. मग त्यांनी डावा तळहात डाव्या डोळ्यावर धरला. थोड्या वेळाने तो काढून उजवा तळहात उजव्या डोळ्यासमोर, पट्टीच्या जागेला न लागता, अलगद धरला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. येणारे-जाणारे बघायला लागले.

"बाबा, काय होतंय?"

"या डोळ्याने राखाडी आहे," ते हळू म्हणाले. "आणि या डोळ्याने…" त्यांनी हात पालटला. "एवढी निळी होती ही? घेतली तेव्हा एवढी निळी होती?"

कादंबरीच्या लक्षात आलं. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, आणि पिवळं भिंग निळा उजेड आत येऊ देत नाही. हे तिला माहीत होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर तिने आकृतीसह लिहिलं असतं. तरी तीन वर्षं ती बाबांना हेकट म्हणत आली होती, आणि ते तीन वर्षं त्यांना दिसत होतं तेच सांगत होते. त्यांच्या आत एक मळलेली काच होती आणि कुणाचं फडकं तिथवर पोचणार नव्हतं.

"बाबा, मला एक सांगायचंय. आज सकाळी—"

पण ते वाकले होते. बॉनेटवर, नाक टेकेल इतके जवळ.

"हे काय आहे?"

"ओरखडे. मी काढले. कोरडं पुसलं."

"गोल गोल आहेत."

"हो."

"बारीक आहेत. केसासारखे." त्यांनी बोट न लावता हवेतूनच एक वर्तुळ गिरवलं. "वासंती, इकडे ये. दिसतात का तुला?"

वासंतीबाईंनी डोळे बारीक केले. "कुठे? मला तर काही दिसत नाही."

"हे इथे. मोज. एक, दोन, तीन… सात आहेत." ते ताठ उभे राहिले. चेहऱ्यावर असं काही होतं, जे कादंबरीने त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "तुझ्या आईला दिसत नाहीत. मला दिसतात."

मग त्यांनी मुकाट्याने चष्मा लावला आणि पुढच्या सीटवर बसले. कादंबरीने किल्ली फिरवायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं.

"किल्लीचं काय?"

"चालव," ते म्हणाले. "आणि कोरडं फडकं पुन्हा लावलंस तर बघ."

चौकातला सिग्नल लाल झाला. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक डोळा झाकला, समोरची बस बघितली. मग दुसरा झाकून तीच बस पुन्हा बघितली. मागच्या सीटवरून आईने सुस्कारा टाकला.

"वासंती," वळून न बघता ते म्हणाले, "त्या कागदावर दवाखान्याचा नंबर असेल ना? दुसऱ्या डोळ्याची तारीख कधीची मिळते, विचार. आत्ताच विचार."