जोडीदार देऊन जा

दारियोची बदली झाली ती थेट कोमोदोरो रिवादाविआला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला, तेलाच्या विहिरींवर. पगार दुप्पट. पण आनंदानं नाचायचं सोडून गडी डोकं धरून बसला होता. भाडेकराराचे चौदा महिने शिल्लक होते, आणि घर सोडतोय हे घरमालकीण नेलिदाबाईंना, तिकडच्या भाषेत दोन्या नेलिदांना, सांगायचं होतं.

दंडाचं काही नव्हतं, तो कंपनी भरणार होती. धास्ती होती शुक्रवारची. दर शुक्रवारी त्यांच्या पाराना शहरातल्या क्लबात ही दोघं जोडीनं त्रुको खेळत. पत्त्यांच्या या खेळात जोडीदाराला चेहऱ्यानं गुपचूप खुणा करायच्या असतात. भुवया उडवल्या तर सगळ्यात भारी पान, ओठ चावला तर तिर्री (या खेळात तीही भारीच), आणि दोन्ही डोळे मिटले तर हातात काही म्हणजे काही नाही. नवरा गेल्यापासून म्हातारी त्या शुक्रवारवरच जगत होती. तिला हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

तो बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसला. तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "बदली झाली ना? कुठं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मेल्या, तीन वर्षं तुझा चेहरा वाचतेय मी."

"दंड कंपनी भरेल, दोन्या नेलिदा. तुमचं नुकसान..."

"दंड घाल चुलीत! माझी अट एकच. जातोस तर जोडीदार देऊन जा. नवा भाडेकरू आण, आणि त्याला त्रुको आला पाहिजे. मग करार फाडते."

दारियोनं जाहिरातीत अगदी तसंच लिहिलं. आले की उमेदवार! पहिला एका वकिलाकडचा कारकून. भारी पानं असल्याची थाप मारायची वेळ आली की त्याचे कान लालबुंद. बाई म्हणाल्या, "हे कान घेऊन क्लबात जाऊ? आहे ती अब्रूही जाईल." दुसरी संगीतशिक्षिका, अगदी देवमाणूस. पानं वाईट आली की "माझ्याकडे काही नाहीये हो," असं सरळ सांगूनच टाकायची.

"अगं बाई, कबुलीजबाब चर्चमध्ये द्यायचा असतो!"

निघायला चार दिवस उरले. दारियोच्या तोंडचं पाणी पळालं. मग आली मिरेया, इस्पितळातली नर्स. "मला फारसं येत नाही," म्हणत बसली, आणि हातात धड एक पान नसताना "त्रुको!" म्हणून डाव वाढवत अशी कडाडली, की दारियोनं तिर्री असूनही निमूट पानं टाकली.

नेलिदाबाईंनी टेबलावर हात आपटला. "लबाड आहेस गं! कधी येतेस राहायला?"

करार तिथल्या तिथं फाटला. दारियो सुटला. पण खरं सांगायचं तर त्याला लागलंच. तीन वर्षांची जोडी, आणि बाईंना त्याचं काहीच नाही?

निघायच्या सकाळी मिरेयाचे खोके आत चालले होते आणि याची बॅग बाहेर. तो दारात घुटमळला.

"माझी आठवण येईल का हो?"

"कशाला? तुझ्याहून सरस जोडीदार मिळालाय. तू भुवया उडवायचास ते अख्ख्या क्लबाला दिसायचं. पळ आता, बस चुकेल."

"बरंय," म्हणून तो निघाला. फाटकापाशी गेल्यावर राहवेना, मागं वळून पाहिलं. म्हातारी दारात ताठ उभी होती, हनुवटी वर. नजरानजर झाली, आणि तिनं दोन्ही डोळे मिटले, सावकाश, त्याला नीट दिसावेत असे.

दारियोनं बॅग खाली ठेवली. बस गेली तर गेली, दुसरी दोन वाजता होती.