भिंतीवरचा भोंगा आणि आखूड पायाचं स्टूल

मी एक जुना भोंगा आहे. म्हणजे लाऊडस्पीकर, पण त्या नावानं मला इथं कोणी ओळखत नाही. दारं आणि चौकटी बनवणाऱ्या एका कारखान्यात, करवत यंत्राच्या वरच्या भिंतीवर, दोन लोखंडी पट्ट्यांनी मला आवळून बसवलं आहे. माझं तोंड पत्र्याचं, करड्या रंगाचं आणि चांगलं ऐसपैस आहे. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे मागाहून मला कोणी ढोंगी म्हणायला नको. मी मत्सरी आहे. आणि मी जळतो ते दुसऱ्या भोंग्यावर नाही की टेलिफोनवर नाही. मी एका स्टुलावर जळतो. होय, बसायच्या स्टुलावर! त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते.

माझा जन्म मात्र थाटाचा. पत्रा दाबून माझं तोंड घडवलं, घशात लोहचुंबक बसवलं, त्याभोवती केसासारख्या तारेचं वेटोळं आणि पुढं पातळ पडदा. तपासणाऱ्या माणसानं माइकवर "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि मी ते असं काही म्हटलं की शेजारच्या टेबलावरचा कप थरथरला. "याचा घसा फर्मास आहे," तो म्हणाला. ही मला मिळालेली पहिली शाबासकी. ती अजून पाठ आहे. पुढं फारशा मिळाल्या नाहीत, म्हणूनही असेल.

थोरल्या मालकांनी मला या कारखान्यात आणलं. वरच्या मजल्यावर त्यांची काचेची खोली होती. तिथं माइक आणि लाल बटण, इथं खाली मी, आणि मधे एक तार. बटण दाबून ते पहिल्यांदा बोलले तेव्हा चाळीस कारागिरांनी हातातली कामं थांबवून माझ्याकडे मान वर केली. चाळीस माना, एकदम! मी मनात म्हटलं, झालं, आता या कारखान्यात आपलाच शब्द चालणार.

कसला चालतोय! आठवडाभरातच माना वर यायच्या बंद झाल्या. आणि मग माझं लक्ष त्या स्टुलाकडे गेलं.

स्टूल ताईंचं होतं. ताई म्हणजे कारागिरांना काम वाटून देणाऱ्या बाई. कोणती ऑर्डर कोणी करायची, कधी द्यायची, हे सगळं त्या बघायच्या. मिस्त्री काकांनी, म्हणजे इथल्या सगळ्यात जुन्या सुतारानं, उरल्यासुरल्या लाकडातून घाईघाईत ते स्टूल त्यांना करून दिलं होतं. म्हणून तर पाय आखूड राहिला. ताई ते उचलायच्या, ज्याचं काम असेल त्याच्या शेजारी नेऊन ठेवायच्या आणि बसायच्या. काय करायचं, किती करायचं, कधीपर्यंत आणि कशासाठी, एवढं साध्या शब्दांत सांगायच्या. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा बघू, काय करायचंय?"

मग मिस्त्री काका सांगायचे. सांगता सांगता अडायचे. "ताई, खिडकीचा गज आडवा की उभा, ते नाही बोललात."

"अगंबाई, राहिलंच की! उभा. बरं झालं विचारलंत."

हे असं रोज चालायचं. "कळलं का?" असं ताई कधीच विचारायच्या नाहीत. एकदा रंधा यंत्रावरच्या माणसानं त्यांना कारण विचारलं. "अहो, कळलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात," त्या हसून म्हणाल्या. "मीपण म्हणते. काय कळलं ते विचारलं की खरं बाहेर येतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी जे दहा सेकंदांत चाळीस जणांना सांगतो, ते सांगायला या बाईंना अर्धा तास लागतो, आणि तरी कौतुक कोणाचं? स्टुलाचं! "ताई, स्टूल आणा इकडे, एक विचारायचंय." "अरे, स्टुलाला वाटेतून हलवा, लाथ लागेल." रोज सकाळी त्याच्यावरचा भुसा झटकला जायचा. माझ्या तोंडात कोळ्यानं संसार थाटला होता, त्याची कोणाला फिकीर नव्हती. उलट एक जण म्हणाला, "या भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबा रे कोणीतरी." सांगा, काय वाटलं असेल मला?

तुम्ही विचाराल, भोंग्याला हे सगळं ऐकू कसं येतं? येतं हो, भिंतीवर टांगलेल्याला सगळं ऐकू येतं. पण माझी तार एकाच दिशेची आहे. वरचं खाली येतं, खालचं वर जात नाही. मी ऐकलं काय आणि नाही ऐकलं काय, सारखंच. तेव्हा मात्र मला यात काही उणं आहे असं वाटत नव्हतं. बोलणारा मोठा आणि ऐकणारा लहान, असाच माझा समज होता.

मग थोरले मालक थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. धाकट्या मालकांना घाई फार. पहिल्याच आठवड्यात ते खाली आले आणि ताईंना म्हणाले, "ताई, एकेकाजवळ बसून किती वेळ घालवता? बटण दाबलं की चाळीस जणांना एका वेळी कळतं. भोंगा कशाला लावलाय?"

"दादा, कळतं की ऐकू येतं?" ताईंनी विचारलं.

"एकच ते," धाकटे मालक म्हणाले. त्यांनी ताईंना वर कागदपत्रं लावायला बसवलं आणि स्टूल जिन्याखाली टाकायला सांगितलं.

मित्रांनो, खोटं बोलत नाही, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो चाळीस माना वर झाल्या तेव्हाही झाला नव्हता. जिन्याखालच्या अडगळीत फुटक्या बादल्यांशेजारी ते स्टूल उलटं पडलं होतं, आखूड पाय वर करून. माझ्या जागेवरून ते सरळ दिसायचं. मी दिवसातून दहा वेळा बघायचो.

त्याच सुमारास एका नव्या दवाखान्याची ऑर्डर आली. त्यात बावीस बाथरूमच्या चौकटी आणि दारं होती. एका दुपारी धाकट्या मालकांना दवाखान्यातून फोन आला. फोन ठेवल्याठेवल्या त्यांनी लाल बटण दाबलं आणि मी गरजलो, "सगळ्यांनी लक्ष द्या. दवाखान्याची बाथरूमची दारं बाहेर उघडणारी करायची आहेत. बाहेर उघडणारी. धन्यवाद."

माझा उच्चार अगदी स्वच्छ होता. जे हजर होते त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आला. पण ती जेवणाच्या सुट्टीची वेळ होती आणि निम्मे लोक बाहेर होते. मिस्त्री काका मागच्या आवारात ओली फळकुटं उन्हात उलटवत होते. चौकटीला खाच ज्या बाजूला पाडतात त्या बाजूला दार उघडतं, आणि ती खाच पाडायचं काम त्यांचंच. रंधा यंत्रावरच्या माणसानं डबा बंद करता करता माझ्याकडे बघितलं आणि मनात म्हणाला असेल, हे मिस्त्रींचं काम आहे, त्यांनी ऐकलं असेल. करवतीवाल्याला वाटलं, रंधेवाला सांगेल. बिजागऱ्या बसवणाऱ्याला वाटलं, कोणीतरी सांगेलच की. सगळ्यांना सांगितलेलं काम कोणाचंच झालं नाही. मी हे सगळं वरून बघत होतो, आणि मला वाटत होतं की माझं काम चोख झालं.

बावीस चौकटींना आतल्या बाजूनं खाच पडली. खडूनं "आत" अशी खूण करून त्या गेल्या, भिंतीत बसल्या, त्यांच्या कडेनं गिलावाही झाला. आणि मग एका सकाळी दवाखान्याच्या मोठ्या नर्सबाई तडक कारखान्यात आल्या.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. धाकटे मालक धावत खाली आले. नर्सबाई नमुन्याच्या दाराकडे गेल्या. आत उघडणारं एक दार चौकटीसकट भिंतीजवळ उभं केलेलं असतं, माझ्या बरोबर समोर. त्या दारामागे जाऊन त्यांनी ते लावलं आणि त्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या, पाय पसरून. "मी पेशंट आहे," आतून आवाज आला. "चक्कर येऊन पडलेय. आता उघडा."

धाकट्या मालकांनी ढकललं. रंधेवाल्यानं ढकललं. दार चार बोटंही हललं नाही.

"म्हणून बाहेर उघडणारी हवी होती," नर्सबाई उठून साडी झटकत म्हणाल्या. "सोमवारी पेशंट यायचेत माझ्याकडे."

"एवढंच आधी कळलं असतं ना," रंधेवाला पुटपुटला, "तर मी स्वतः पळत जाऊन मिस्त्रींना सांगितलं असतं."

धाकट्या मालकांचा चेहरा लालबुंद झाला होता. खापर फोडायला कोणीतरी हवं होतं, आणि खाच मिस्त्री काकांच्या हातची होती. "मी स्पष्ट सांगितलं होतं! भोंग्यावरून सांगितलं होतं! मिस्त्री, तुमचं लक्ष नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मिस्त्री काकांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. तीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. ते अवजारं पिशवीत भरायला लागले. पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, हातरंधा. आणि मित्रांनो, मला माहीत होतं! त्या दुपारी ते आत नव्हतेच, हे मी सगळ्यांपेक्षा नीट पाहिलं होतं. एवढा मोठा घसा, पण त्यातून माझा स्वतःचा एक शब्द निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोंडाची लाज वाटली.

आरडाओरडा ऐकून ताई खाली आल्या होत्या. त्यांनी जिन्याखालून स्टूल ओढून काढलं, हातानं धूळ झटकली आणि ते करवतीशेजारी आणून ठेवलं.

"दादा, पाच मिनिटं इथं बसा."

"ताई, ही काय वेळ आहे का बसायची?"

"हीच आहे. बसा."

ते बसले. स्टूल डुगडुगलं. ताई वर गेल्या आणि त्यांनी लाल बटण दाबलं. मी बोललो, "सगळ्यांनी लक्ष द्या. चौकटींचं माप बदललंय. दोन इंच वाढवा. लगेच करा. धन्यवाद."

"कुठल्या चौकटींचं?" धाकटे मालक स्टुलावरून म्हणाले. "उंची की रुंदी? ताई!" मी गप्प. "अहो ताई, करायचं कोणी?" मी गप्पच. शेवटी ते स्टुलावर चढून उभे राहिले आणि माझ्या तोंडात तोंड घालून ओरडले, "ता-ई! कुठल्या चौ-क-टी?"

आतला कोळी तेवढा पळाला. वर काही पोचलं नाही.

ताई सावकाश जिना उतरून आल्या. "ऐकू आलं ना, दादा?"

"आलं."

"मग केलंत का काम?"

धाकटे मालक स्टुलावरून खाली उतरले आणि पुन्हा त्याच्यावरच बसले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री काका, त्या दुपारी तुम्ही कुठं होता?"

"मागं आवारात. फळकुटं उलटवत होतो."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" काका म्हणाले.

धाकटे मालक उठून नर्सबाईंसमोर गेले. "चूक माझी आहे. बावीसच्या बावीस चौकटी आम्ही काढून नव्या बसवू. रविवारी संध्याकाळपर्यंत."

"हं," नर्सबाई म्हणाल्या. "आता कशी बसवणार आणि कशासाठी, ते मला सांगा बघू." ताईंनी ओठ दाबून हसू आवरलं. मालकांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं परत सांगितलं. मिस्त्री काकांनी पिशवीतून गुण्या बाहेर काढला.

रविवारी दारं बसली. बाहेर उघडणारी.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या पट्ट्या गंजल्या आहेत, पडदा एका कडेला फाटला आहे. मला काढून टाकलेलं नाही. जेवणाची सुट्टी मी सांगतो, आणि रोज सकाळी एक वाक्य मला बोलावंच लागतं. धाकटे मालक, आता त्यांचेही केस पिकलेत, वरून बटण दाबतात आणि माझ्या तोंडून म्हणवून घेतात, "मी खाली येतोय. स्टूल काढून ठेवा." बघा, काय नशीब! ज्याच्यावर जन्मभर जळलो त्याच्या नावानं रोज मलाच पुकारा करायला लागतो. मग ते खाली येतात, स्टुलावर बसतात, आणि कारागिराला विचारतात, "आता तुम्ही मला सांगा." पायाखालचा पुठ्ठा आता म्हातारे झालेले मिस्त्री काका अजूनही स्वतः बदलतात. पाय मात्र ते नीट करत नाहीत. म्हणतात, असू दे तसाच.

मित्रांनो, माझा मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही पोटात दुखतं. पण आता तो स्टुलापुरता राहिलेला नाही. उद्या तुम्ही दुकान काढाल, कचेरीत बसाल, माणसांना कामं सांगाल. तेव्हा तुमच्याही हाताशी मोठा आवाज असेल. तो जरूर वापरा. पण बोलून झालं की थांबा, समोरच्याजवळ जाऊन बसा आणि त्याला काय कळलं ते विचारा. मी लाखो वाक्यं बोललो, पण उत्तर मला एकाही वाक्याचं आणता आलं नाही. तुम्हाला ते येतं. खरं सांगू? आता मी तुमच्यावरच जळतो.