शुद्ध केलेला कोबा

मी पुंजाराम, गवंडी. ही गोष्ट सांगताना मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

१९७६ साली आमच्या गावातल्या मस्तगड भागात डॉक्टर भुजंगरावांच्या नव्या दवाखान्यात प्लास्टिकची फरशी चिकटवायची होती. आमच्याकडे तेव्हा ती कुणी पाहिलेली नव्हती. मी औरंगाबादेत एका मोठ्या इमारतीवर ते काम शिकून आलो होतो. फरशी नीट बसली तर गावात माझं नाव होणार होतं. उखडली तर ‘पुंजारामाला येत न्हाई’ एवढंच लोक लक्षात ठेवणार होते.

या फरशीचं सगळं नशीब खालच्या कोब्यात असतं. तो सपाट पाहिजे, साफ पाहिजे आणि खडखडीत कोरडा पाहिजे. मी आणि माझी बायको गिरिजा पंधरा दिवस गुडघ्यांवर होतो. उंचवटे दगडानं घासले, खड्डे सिमेंटनं भरून वाळू दिले. मग कोब्यावर काच ठेवून तिच्या कडा मेणानं बंद केल्या. दुसऱ्या दिवशी काचेखाली पाण्याचा थेंब दिसला नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. गिरिजानं फडक्यानं धुळीचा कण न् कण टिपला. निघताना डॉक्टरांना बजावलं, "उद्या फरशी लावतो. तवर हितं पाणी पडू देऊ नका."

सकाळी दार उघडलं तर शेणाचा वास आला. सगळा कोबा सारवलेला, अजून ओला, मधोमध रांगोळी. आमच्या पंधरा दिवसांचं मुसळ केरात गेलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी केलं हे?"

डॉक्टरांच्या आई, द्वारकाबाई, तिथंच उभ्या होत्या. "म्या. सारवलं, गोमूत्र शिंपडलं. पंधरा दिस तुम्ही लोकं हितं बसून राह्यले. मंग जागा शुद्ध नको करायला?"

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. ऊनपावसाचं बोलावं तसं त्या बोलल्या, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. आम्हाला बौद्ध होऊन वीस वर्षं झाली होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांना सगळं माहीत होतं. "आईचं मन मोडवेना, पुंजाराम. पातळच सारवलंय. तुम्ही दोघं जल्दी घासून टाका अन् लावा फरशी."

"ओल्यावर फरशी धरत न्हाई. आता पुन्हा आठ दिवस वाळाया पाहिजे. आजीला न्हाई कळलं, पर तुम्ही तर शिकलेले, सायेब."

गिरिजानं खरवडायचा पत्रा उचलला. ही लागली घासायला, असं वाटून मी तिच्यावरही भडकलो. पण तिनं तो द्वारकाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"आमचा हात लागला तर पुन्हा बाटंल, आजी. तुम्हीच घासा."

द्वारकाबाईंनी पत्र्याकडे पाहिलं. तो आमच्या वापरातला होता. त्या त्याला शिवल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरांनी पँट वर दुमडली आणि पत्रा घेऊन ते गुडघ्यांवर बसले. आई ‘ऊठ भुजंगा, ऊठ’ म्हणत राहिल्या. आम्ही दोघं दारात उभं राहून बघत होतो. एका कोपऱ्यात शेण राहिलं होतं. मी बोट दाखवलं.

"तिथं बराबर घासा, सायेब."