उजव्या बाजूचा गारवा

लोकेशच्या पायाला भिंगरी आहे, हे त्याच्या आईनं तो रांगायला लागला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. शाळेत तो बाकावर कधी नीट बसला नाही, नुसता कडेला टेकायचा. पुढं मोहर्लीला पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवायचं काम मिळालं, तर वाघ सावलीत निवांत झोपलेला आणि ह्याचाच पाय ॲक्सिलरेटरवर चुळबुळतोय. मागच्या वर्षी मालकानं जिप्सी विकली, तेव्हा चौतीस वर्षांचा लोकेश ब्रह्मपुरीजवळच्या आपल्या गावी परत आला, तो एक सेकंड हॅन्ड टूरिंग मोटरसायकल घेऊनच. चारशे सीसीची उंच गाडी, पुढं काच, मागं सामानाच्या दोन पेट्या. चावडीवरचे म्हातारे म्हणाले, म्हैस घेतली असती तर दूध तरी दिलं असतं.

पण ह्याच्या डोक्यात हिशोब पक्का होता. नागपूरचे प्रणित सर पुण्या-मुंबईच्या हौशी मोटरसायकलवाल्यांना जंगलातल्या रस्त्यांनी सिरोंच्यापर्यंत नेत. त्यांना सगळ्यात पुढं चालणारा एक लीडर हवा होता, ज्याला रस्ता ठाऊक आहे, जंगल ठाऊक आहे आणि सिरोंच्याकडं गेल्यावर चार वाक्यं तेलुगूही येतात. लोकेशला तिन्ही गोष्टी जमत होत्या. लीडर व्हायचं म्हणजे बारा महिने रस्त्यावर राहायचं, आणि वर लोकांनी त्याबद्दल शाबासकी द्यायची. ह्याहून चांगली नोकरी देवानंही काढली नसती.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. गाडी तापायची. जानेवारीत प्रणित सरांनी चाचणी घेतली, तर ऐन थंडीत लोकेश दर वीस-पंचवीस किलोमीटरला उतरून पाय झटकत उभा. आरमोरीला उतरला, गडचिरोलीला उतरला, आष्टीला उतरला. आलापल्लीला सर म्हणाले, "लीडरच असा थांबायला लागला तर मागचे वीस जण काय करतील? गाडीचं बघ काहीतरी. मार्चमध्ये पुन्हा एकदा पाहू." आता तो मार्च आला होता. चाचणी येत्या रविवारी होती, आणि ह्या वेळी पाय झटकले तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मोहाची फुलं पडायला लागलेली आणि दुपारी रस्त्याकडं डोळे उघडून बघवत नव्हतं.

लोकेशनं करायचं ते सगळं केलं. ऑइल बदललं, कूलंट बदललं, ब्रह्मपुरीच्या मेकॅनिककडून पेट्रोल-हवेचं प्रमाण नीट करून घेतलं. सायलेन्सरच्या नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली. घोट्याच्या वर येणारे बूट घेतले, जाड पॅन्ट घेतली. एकदा तर पिंढऱ्यांना ओलं फडकं बांधून निघाला, आणि दहा किलोमीटरवर ते सुकून पापडासारखं कडक झालं. बायको दिव्यानी गावची आशा सेविका होती. तिनं हे फडकं पाहिलं आणि म्हणाली, "बाळंतिणीले बांधते तसं बांधून कुठी चालले तुमी?"

शेवटी तो गेला लटारू भाऊंकडं. लटारू भाऊ ब्रह्मपुरीत पत्र्याचे कूलर बनवायचे, गेली तीस वर्षं. मार्च म्हणजे त्यांचा सुगीचा महिना. दुकानासमोर कूलरची खोकी एकावर एक चढवलेली आणि आत हातोडीचा ठणठणाट. तरी ते उठले. उकिडवे बसून त्यांनी गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली आणि हसायला लागले.

"काऊन हसता भाऊ?"

"तुह्यासारखे येते ना दरसाल. कूलर लावते अन् सारी दारं-खिडक्या बंद करते. मंग म्हणते, भाऊ, तुमचा कूलर उकाडा देते. अरे, हवा आत आली त बाहेर जायले वाट पाह्यजे का नाई?" त्यांनी बोट दाखवलं. "इथी समोरून इंजिनाचा पंखा गरम हवा मारते. इथी तू पेटीचा गार्ड लावला, इथी रबर लावला. हवा जाईन कुठी? तुह्या पॅन्टीत."

विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट मोटरसायकलवर आपल्याला सुचली नाही, ह्याची लोकेशला लाज वाटली. भाऊंनी रबर काढून फेकलं. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे कापले, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला. पायाकडून बंद, खाली आणि मागं उघडे, इंजिनापासून दोन बोटं लांब. गरम हवा पायावर न येता रस्त्यावर निघून जावी अशी सगळी सोय. दोन्ही पत्रे एकाच मापाचे. तो मंगळवार होता.

लोकेश तसाच आरमोरीपर्यंत जाऊन आला आणि दुकानाच्या दारातूनच ओरडला, "भाऊ, उजवीकडं थंडगार! काश्मीर! पण डावीकडं अजून चटका लागते."

तिथून त्याच्या जिवाला घोर लागला. उजवी बाजू एवढी छान झाली तर डावी का होत नाही? पत्रा तोच, माप तेच, रिवेटचे खिळे तेच. बुधवारी त्यानं डावा पत्रा काढून पुन्हा बसवला. गुरुवारी एक बोट आणखी लांब केला. डाव्या पायाला जरा बरं वाटलं, पण उजव्याची सर नाही. जेवताना तो ताटात बोटानं नळीचा आकार काढत बसे. मोबाईलवर त्यानं इंजिनाचे नकाशे पाहिले, आणि मग तर त्याची झोपच उडाली, कारण सायलेन्सरची नळी उजवीकडून जात होती. म्हणजे तापायला हवी होती ती उजवी बाजू. त्यावरही त्यानं उत्तर शोधलं: पंखा डावीकडं हवा मारत असणार. माणसाला उत्तर हवंच असलं की ते सापडतं.

"डावा पायच नाजूक असन तुमचा," दिव्यानी म्हणाली. तीही आपल्या रजिस्टरांत बुडालेली होती, तिनं मान वर केली नाही.

शुक्रवारी लोकेश चाळीस किलोमीटर गाडी पळवून थेट दुकानात आला. "भाऊ, आता डावा पण चालते. रविवारी नाई उतरत मी खाली. सिरोंच्यापर्यंत नाई उतरत! पण उजव्यासारखा काऊन होत नाई, तेवढं एक सांगा."

इंजिन चालूच होतं. लटारू भाऊंनी उपडा हात डाव्या पत्र्याजवळ नेला, थोडा वेळ धरला. "हे ठीक आहे," म्हणाले. मग वळसा घालून उजवीकडं आले, हात नेला आणि झटक्यात मागं घेतला. त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश नेला. पुन्हा मागं घेतला.

"इकडं त हात ठेववत नाई, लोकेश. रिवेट निघालं आहे. पत्रा आत सरकून नळीले टेकला. लाल व्हायचा बाकी आहे."

"काही नाई भाऊ. मी आता चाळीस किलोमीटर आलो. मस्त थंड आहे."

भाऊ हसले नाहीत. तीस वर्षं पत्र्याशी खेळलेला तो हात ते दुसऱ्या हातानं चोळत होते. "पॅन्ट वर कर," ते म्हणाले.

लोकेशनं पॅन्ट वर केली. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला जुन्या रुपयाएवढा फोड आलेला, आणि तो फुटून पाणी खाली मोज्यात उतरलेलं. मोजा ओला लागतोय हे त्याला येतानाच कळलं होतं. घाम असेल म्हणून सोडून दिलं होतं. त्यानं फोडाला बोट लावलं. बोटाला ओलं लागलं. पायाला काहीच लागलं नाही.

"दुखते?" भाऊंनी विचारलं.

"नाई," लोकेश म्हणाला. आपल्या आवाजात फुशारकी उरली नाही हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"घरी जाय. दिव्यानीले दाखव. आत्ताच दाखव." एवढं बोलून भाऊंनी पत्रा काढून ठेवला आणि ते आत गेले. आतून हातोडीचा आवाज बराच वेळ आला नाही.

घरी येईपर्यंत लोकेशनं स्वतःची समजूत घातली. फोड बधिरच असतात. त्यानं दिव्यानीला हसतच पाय दाखवला. "पाह्य, गाडीनं छाप मारला."

दिव्यानी खाटेवर रजिस्टर घेऊन बसली होती. तिनं फोडाकडं पाहिलं, आणि मग फोडाच्या भोवती पाहिलं. तिथं तळहाताएवढा फिकट चट्टा होता, कडेला जरासा तांबूस.

"हा कधीचा?"

"शिबं आहे थे. घामानं आलं. दिवाळीपासून असन."

दिव्यानीनं रजिस्टर बाजूला ठेवलं. तिचं तोंड उतरलं. फेब्रुवारीत गावात कुष्ठरोग शोध मोहीम झाली होती. बायकांना ती तपासायची आणि पुरुषांना तिच्यासोबतचा स्वयंसेवक प्रफुल. दोनशे चौदा घरं तिनं पालथी घातली. लोकांच्या पाठी, दंड, मांड्या पाहिल्या. जे लाजले त्यांना रागावली, जे पळाले त्यांना शेतात जाऊन गाठलं. स्वतःच्या घराशी दोघं आले तेव्हा लोकेश गाडीखाली झोपून ऑइल काढत होता. "मले काही नाई, लिही निरंक," तो खालूनच ओरडला होता. प्रफुलनं तिच्याकडं पाहिलं. ऊन चढलं होतं, अजून अकरा घरं राहिली होती. "लिहून टाक," ती म्हणाली होती, "आमचंच घर आहे." दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, पण इथं तर दिवा धरणारीनंच तो झाकून ठेवला होता. हे तिला त्या क्षणी इतकं लागलं की ओरडावंसं वाटलं.

ती ओरडली नाही. रजिस्टरातलं पेन तिनं हातात घेतलं. "इथी बसा. आता मी पेन लावीन. जिथी लागलं तिथी बोट ठेवा." तिनं आधी त्याच्या दंडाला टोक लावून दाखवलं. "असं. आता डोळे मिटा. खरंच मिटा."

"परीक्षा घेऊन राह्यली का माही?" लोकेशनं डोळे मिटले.

गुडघ्याजवळ टोक लागलं. त्यानं तिथं बोट ठेवलं. डाव्या नडगीला लागलं, तिथंही ठेवलं. मग थोडा वेळ काही झालं नाही. अंगणातून कोंबडीचा आवाज येत होता. लोकेशला उगाच बसणं कधी जमलंच नव्हतं; तो बोलायला लागला. रविवारी पहाटे पाचला निघायचं, प्रणित सर आरमोरी फाट्यावर भेटणार, उजवा पत्रा आज पुन्हा ठोकून घ्यायला पाहिजे. दिव्यानी हूं की चूं करेना.

"लाव ना," तो म्हणाला. "कव्हाची थांबून राह्यली?"

कोंबडी पुन्हा ओरडली.

"दिव्यानी, सुरू कर ना."

त्यानं डोळे उघडले. ती खाली वाकून त्याच्या पायाशी बसली होती, पेन तिच्या हातात होतं आणि गाल ओले होते. त्याच्या उजव्या पोटरीवर, फोडाच्या भोवती, त्या फिकट चट्ट्यावर निळे ठिपके होते. आधी त्याला वाटलं शाई सांडली. मग त्यानं मोजले. नऊ होते. प्रत्येक ठिपक्याशी कातडीला खळगा पडला होता, म्हणजे तिनं चांगलं दाबून टोचलं होतं.

लोकेशनं तिच्या हातातून पेन घेतलं आणि डाव्या पोटरीत खुपसलं. "आई गं!" तो कळवळला. लगेच त्यानं उजवीकडं खुपसलं आणि वाट पाहिली. दोन-तीन वेळा त्यानं असं केलं. शेवटी दिव्यानीनं त्याचं मनगट धरलं.

"औषध आहे याचं," ती भराभरा बोलायला लागली, घरोघर बोलायची तसंच. "फुकट भेटते. वेळेवर घेतलं त माणूस पुरा बरा होते. गोळ्या सुरू झाल्या का दुसऱ्याले लागत नाई. फक्त पायाले जपा लागते, जखम होऊ द्याची नाई, रोज पायाकडं पाहा लागते..." इथं तिचा आवाज फुटला. "मी नाई पाह्यलं हो. साऱ्या गावाचे पाह्यले मी."

"मीच म्हणलं होतं लिही म्हणून."

"तुमी म्हणलं तरी मी कोन आहे मंग?"

 तो पायाकडं पाहत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीच्याही वर एक विचित्र चीड येत होती, की ह्या पायानं चार दिवस आपल्याला मूर्ख बनवलं. भाजत होता आणि गार म्हणून सांगत होता. शाबासकी उजव्याला, शिव्या डाव्याला. जानेवारीतही आपण डावाच पाय झटकत होतो, हे त्याला आत्ता आठवलं.

"उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ," दिव्यानी म्हणाली. "गाडीवर नाई. एसटीनं."

"अन् रविवार?"

"तुमीच सांगा आता."

अडीचशे किलोमीटर. पत्रा पुन्हा ठोकला तरी वाटेत कुठंतरी तो परत सरकला असता, आणि ह्याला कळलं नसतं. आष्टीला नाही, आलापल्लीला नाही. सिरोंच्याला पोचून बूट काढल्यावर कळलं असतं. लोकेशनं फोन उचलला आणि परत ठेवला. मग पुन्हा उचलला. प्रणित सरांनी पहिल्याच घंटीला घेतला.

"सर, रविवारी माह्याकून होत नाई."

"अरे, का? काल तर म्हणालास प्रॉब्लेम सुटला. गाडी गार झाली."

"नाई झाली सर. गाडी तेवढीच तापते. मलेच समजून नाई राह्यलं होतं."

"म्हणजे? नीट सांग लोकेश. वीस तारखेला पाहुणे येतात, मला माणूस ठरवायचाय."

लोकेशनं दिव्यानीकडं पाहिलं. गेल्या अर्ध्या तासात तिनं औषधाबद्दल सांगितलं, जपण्याबद्दल सांगितलं, पण त्या रोगाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. दोनशे चौदा घरांत घेतलं होतं.

"मले कुष्ठरोग असन, सर," लोकेश म्हणाला. "उद्या डॉक्टर पाहतीन, मंग गोळ्या सुरू होतीन. बरा होते हा, माही बायको सांगते. तुमी दुसरा माणूस ठरवा यंदा."

दिव्यानीनं पदरानं तोंड पुसलं आणि कापूस आणायला आत गेली.