उणे वीसचा मासा

आमचे हे बत्तीस वर्षं अन्न निरीक्षक होते. हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासायची आणि सील ठोकायची, हे त्यांचं काम. परिणाम असा की लग्नापासून आजतागायत मी बाहेरचा एक घास खाल्लेला नाही. वाटेत हॉटेल लागलं की हे माझा दंड धरून मला पलीकडच्या फुटपाथवर नेतात आणि तिथल्या पिठाच्या डब्यात काय सापडलं होतं ते तपशीलवार सांगतात. माझी भूक जागच्या जागी मरते.

म्हणून माझ्या साठाव्या वाढदिवसाला काय हवं असं ह्यांनी विचारलं, तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. सुशी. भाताच्या मुटक्यावर कच्च्या माशाचा काप. घरी करीन, पण खाईन. मग मेले तरी चालेल.

"मेलीस तर पंचनामा मलाच करावा लागेल," असं म्हणून ह्यांनी कपाटातून नोकरीतली टोपी काढली.

मासेवाल्याकडे ह्यांनी तासभर घेतला. माशाचे डोळे पाहिले, कल्ले उघडले, अंगठ्याने मांस दाबून ते परत वर येतं का ते पाहिलं, आणि चारचौघांत माशाला नाक लावून उभे राहिले.

"साहेब, सकाळचाच आहे, एकदम ताजा," मासेवाला म्हणाला.

"कच्च्या खाण्यात ताज्याचं कौतुक मला सांगू नका. ताज्या माशात किडेही ताजेच असतात. उणे वीस अंशांवर सात दिवस. मगच ते मरतात."

आमच्या फ्रीजरने जीव तोडून उणे अठरा दाखवले. ह्यांनी त्याच्या दारावर नोटीस चिकटवली, 'कच्च्या माशासाठी अयोग्य. सुधारणेसाठी पंधरा दिवसांची मुदत.'

मासेवाल्याचा मागच्या खोलीतला फ्रीजर मात्र उणे पंचवीसपर्यंत जायचा. मासा तिथे ठेवला आणि हेही तिथेच राहिले म्हणा ना. रोज सकाळी घडीची खुर्ची आणि थर्मामीटर घेऊन निघायचे ते थेट जेवायला परत. कुणी फ्रीजर उघडला की वेळ लिहून ठेवायचे. चौथ्या दिवशी ह्यांचा चेहरा पाहून एका बाईंना वाटलं, घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे. त्यांनी हळूच विचारलं, "कसं आहे आता?"

"स्थिर आहे," हे म्हणाले. "उणे चोवीस."

पाचव्या दिवशी मासेवाल्याने मला फोन केला. "वहिनी, पाया पडतो. मासा राहू द्या, साहेबांना घेऊन जा."

आठव्या दिवशी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन हे टॅक्सीतून आले. मासा रात्रभर फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात वितळला, झाकणाच्या डब्यात, पाणी कशावर गळू नये म्हणून. वाढदिवसाला मी ओट्याशी गेले तर हे टोपी घालून दारात उभे.

"आपली नखं दाखवा."

संसाराला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला पहिल्यांदाच आपण म्हटलं. माशाला कापायची वेगळी फळी, वेगळी सुरी. वीस आकडे होईपर्यंत साबणाने हात. सतराला मला शिंक आली, तर पुन्हा एकपासून. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मासा सोडून ह्यांचेच काप करावेत असं वाटलं.

बरोबर बारा वाजता बारा तुकडे ताटात मांडले. मी हात पुढे केला.

"थांबा. पहिला मी खाणार. चोवीस तासांत मला काही झालं नाही, तर आपण खा."

"आणि तोवर ताट?"

"बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही. आणि वितळलेला मासा उद्यावर…" हे बोलता बोलता थांबले. दोन नियम असे एकमेकांच्या अंगावर धावून आलेले ह्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते. तरी एक तुकडा खाल्लाच, आणि पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत बसले. मी समोर. एक वाजला. दीड वाजला. पावणेदोनला मी तुकडा उचलायला गेले, तर ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अहो, सोडा. दोनला फेकून द्याल तुम्ही."

"तुला काही झालं तर मी नोटीस कुणाला देऊ गं?" हे म्हणाले. टोपी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

मला रडू आलं. इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांना हॉटेलवाल्यांचा राग आहे. माणूस नुसता घाबरत होता.

मी मनगट सोडवलं नाही. दुसऱ्या हाताने तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. गार, बुळबुळीत, चव म्हणाल तर काही नाहीच. खरं सांगते, मला अजिबात आवडला नाही.

"कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

"छान," मी म्हटलं, आणि उरलेले दहाही सावकाश खाल्ले, कारण ताट संपेपर्यंत हे माझा हात सोडणार नव्हते.