बिबट्याचं खरं नाव

मी एक शब्द आहे, आणि मीच बोलतोय. नाव विचारू नका. का, ते पुढे कळेलच. अर्थ तेवढा सांगतो: बिबट्या.

कॅमेरूनच्या पश्चिमेकडच्या या डोंगरांत मी जन्मलो, हजारो वर्षांपूर्वी. पुढे माणसं शेळ्या आणि बी-बियाणं घेऊन निघाली, जंगलं ओलांडत पार दक्षिणेच्या समुद्रापर्यंत पोचली. मलाही तोंडात घेऊन गेली. वाटेत कुणी माझी शेपटी तोडली, कुणी डोकं बदललं. आज तिकडे माझी भावंडं शेकड्यांनी आहेत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. अख्खा उरलो तो मी, इथे, जन्मगावी.

पण इथे मला कुणी उच्चारेल तर शपथ! घरचं माणूस रानात असताना माझा उच्चार केला की जनावर ऐकतं आणि त्याच माणसाकडे जातं, असं मानतात. म्हणून सगळे 'ठिपकेवाले मामा' म्हणू लागले. मामांचं बरं चाललं, मी उपाशी पडलो. शेवटी फुंक्विन नावाच्या एकाच म्हातारीच्या तोंडात उरलो. तिची बोली आता दुसऱ्या कुणालाच येत नाही. लेक नाइनसुद्धा शेजारगावची भाषा बोलते.

मग ताम्फू आला. भाषांमधले शब्द जुळवून कोण कुणाचं भावंड, कुळ कुठून निघालं, हे शोधणारा. म्हातारीने त्यालाही मामाच सांगितले. तो तेच टिपून गेला आणि ही बोली आमच्या कुळातली नाहीच, असं ठरवून मोकळा झाला. काय संताप झाला माझा! चूक कळल्यावर आज तो परत आला.

"आजी, मामा नकोत, खरं नाव सांगा. तुमच्यामागे ते कोण सांगणार?"

"नाइन रानात लाकडं आणायला गेलीये. ती घरात आली की सांगते. तोवर गप हा फुफूचा गोळा खा."

ऊन डोंगराआड गेलं. ताम्फू सारखा रस्त्याकडे बघत होता. शेवटची गाडी चुकायची धास्ती. इतक्यात परसात लाकडांची टोपली धपकन टेकली.

"आली बाई," म्हणत म्हातारी सैलावली. ताम्फूने रेकॉर्डर पुढे धरला आणि तिने माझा उच्चार केला, अख्खा, शेपटीसकट. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दारात शेजारीण उभी राहिली. "नाइनची टोपली आणली मी. शेळी चुकलीये, ती शोधायला रानातच थांबलीये ती."

म्हातारीचा हात तोंडावर गेला. ताम्फूचं लक्षच नव्हतं. आवाज नीट आलाय का, हे बघायला त्याने बटण दाबलं. मी पुन्हा उमटलो. पुन्हा दाबलं.

"बंद कर ते, पोरा," म्हातारी म्हणाली. "मामांनी एकदा ऐकलंय. परत परत पत्ता सांगू नकोस."

आता मी त्या यंत्रात राहतो. माझं कुळ सापडलं, मी मरणार नाही. पण या जगण्याची मला भीती वाटते. वाचकहो, भावंडांवरून माझा उच्चार तुम्हालाही जुळवता येईल. कृपा करून जुळवू नका, निदान आज तरी. चुकलेली शेळी मघाशी एकटीच धावत घरी आली. नाइन अजून आलेली नाही.