गर्दीतली नावं

शिमग्याच्या पालखीच्या दिवशी सकाळी गोदूबाई पोळ्या लाटत होती आणि तिचा नवरा रावजी आपली घुंगरांची काठी तेल लावून पुसत होता. महाडजवळच्या नाते गावाच्या पलीकडे असलेल्या त्या गावात जत्रेची गर्दी आवरण्याचा मान रावजीच्या घराकडे. काठी आपटली की माणसं मागं सरत, याचा त्याला भारी तोरा होता.

"अवो, देवळाचं खालचं दार आज तरी उघडा," गोदूबाई म्हणाली. "येका दारातनं येवढी माणसं जात्यात-येत्यात. गेल्या साली पोरं चेंगरता चेंगरता वाचली."

"खुळी का काय गो तू? खालच्या दाराभाईर म्हारवाडा हाय. देवीची माणसं तिथनं जायाची?"

महाडच्या तळ्याचं प्रकरण गाजून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून गावानं त्या दाराला आतून जाड अडसर घातला होता. देऊळ बाटू नये म्हणून आपण आपल्यालाच कोंडून घेतलंय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही!

दुपारी आवार खच्चून भरलं. पालखी नाचू लागली. गोदूबाईचा भाऊ मुरारी तोवर झिंगला होता. त्यानं वडाखाली बंदुकीच्या दारूचा बार उडवला. वर आग्या मोहोळ होतं. माश्या चावल्या थोड्यांना, पण ओरडले सगळे. ज्यानं माशी पाहिलीही नव्हती तोही पळाला, कारण शेजारचा पळत होता. वरच्या दाराच्या पायरीवर एक म्हातारी पडली. पुढचे "थांबा" म्हणून टाहो फोडत होते, पण मागच्यांना तो ऐकू जात नव्हता. ते रेटतच होते. माणसावर माणूस पडला. रावजीची काठी कुठल्या कुठे गेली.

तो कसाबसा खालच्या दाराशी पोचला. गोदूबाई तिथंच भिंतीशी दाबली गेली होती, तोंड निळं पडलं होतं. त्यानं अडसराला हात घातला.

"रावजी, खबरदार!" गावचा कारभारी, त्याचा थोरला भाऊ मालोजी ओरडला. "देवी बाटंल!"

रावजीचा हात थांबला. बायको डोळ्यांदेखत मरत होती आणि हा मर्द भावाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला!

तेवढ्यात बाहेरून कुऱ्हाडीचा घाव बसला. महारवाड्यातली राहीबाई लाकडं फोडायची टाकून धावत आली होती. "दारापासनं सरका वो!" ती ओरडली. दार फुटलं आणि माणसं बाहेर पडली. तिच्या अंगणात कोसळली, तिच्या मडक्यातलं पाणी घटाघटा प्याली. गोदूबाईला तिनं आपल्या घराच्या ओटीवर निजवलं.

वरच्या दारात प्रेतं पडली होती. घशाची कोरड गेली तशी लोकांना जात आठवली. बार कुणी उडवला, असं कुणीतरी विचारताच मुरारीच मोठ्यानं ओरडला, "बार न्हवं! राहीनं धूर केला! देवीचं दार फोडायला तिनंच माश्या उठवल्या!"

खरंखोटं पाहायला कुणाला सवड होती? शब्द या तोंडातून त्या तोंडात गेला आणि मघाशी पळणारी माणसं आता मारायला धावली. रावजी त्यांना आडवा आला. पुढचे दोघे थबकलेही, पण मागच्यांच्या रेट्यानं तो खाली गेला. मालोजीची काठी राहीबाईच्या डोक्यात बसली. ती पडल्यावरही लोक मारत राहिले. मुरारीनं तिच्या घराच्या छपराला पेटती चूड लावली. रावजीनं गोदूबाईला ओढून बाहेर काढलं. राहीबाईकडे परत गेला तेव्हा तिचा जीव गेला होता.

दुसऱ्या दिवशी महाडचा फौजदार आला. सारा गाव पारावर जमला. गोदूबाईला महाडच्या दवाखान्यात न्यायला डोलीत निजवलं होतं.

"राहीबाईला कुणी मारलं?" फौजदारानं विचारलं.

"गर्दीनं, सायेब," मालोजी म्हणाला. "गर्दीत कोन कुनाला वळखतो?"

सगळ्यांच्या माना हलल्या. रावजी उठला.

"मी वळखतो, सायेब. पयलं नाव माजं. अडसर माज्या हातात व्हता, मी काढला नाय. काठी घातली ती ह्या मालोजीनं, माज्या सख्ख्या भावानं."

माणसं मागं सरू लागली. "वाळीत टाका त्याला!" कुणीतरी पाठीमागून ओरडलं.

"टाका," रावजी म्हणाला.

"आणि आग कुणी लावली?" फौजदारानं विचारलं.

 रावजीनं बायकोकडे पाहिलं. तिचे आईबाप केव्हाच गेलेले. मुरारी सोडून तिला माहेर म्हणून कुणी नव्हतं.

गोदूबाई मोडक्या बरगड्या दाबून डोलीत उठून बसली.

"मुरारीनं," ती म्हणाली. "माज्या भावानं. बार बी त्यानंच उडवला."

फौजदाराला नीट ऐकू आलं नाही. तिनं ते नाव पुन्हा मोठ्यानं घेतलं.